घरची भाषा आणि शाळेची भाषा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला असलेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस मध्यप्रदेशाचा बालाघाट जिल्हा आहे, पूर्वेस छत्तीसगड. इथल्या मुलांच्या कानांवर किती भाषा पडतात ते पाहा. खेड्यापाड्यांतून झाडीबोली, पोवार कुटुंबांत पोवारी, गोंदिया शहराच्या बाजारात हिंदी, पूर्व सीमेवर छत्तीसगडी आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या काही गावांत गोंडी. प्रतापगडजवळ १९७२ साली वसलेल्या तिबेटी वसाहतीत तिबेटीही ऐकू येते.

यांतली बहुतेक मुले पहिलीच्या वर्गात येतात तेव्हा त्यांच्यापुढे येणारे पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ही मराठी थोडी वेगळी वाटते. पोवारी किंवा हिंदी बोलणाऱ्याला बरीच वेगळी. गोंडी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट मात्र निराळीच आहे. मराठी आणि हिंदी या आर्यभाषा कुळातल्या, तर गोंडी द्राविडी कुळातली. तेलुगूत दोन, तीन, चार यांना रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. गोंडीत रंड, मुंड, नालुंग. नाते कुठले आहे हे यावरून लक्षात येईल. अशा मुलाच्या दृष्टीने शाळेची मराठी ही खऱ्या अर्थाने दुसरी भाषा असते.

या मुलांबद्दल शिक्षकांच्या खोलीत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिलीतल्या मुलाबद्दल : ‘हा तोंडच उघडत नाही.’ आणि पाचवीतल्या मुलाबद्दल : ‘याला मराठी छान बोलता येते, पण पुस्तकातले काही डोक्यात शिरत नाही, बहुधा बुद्धीच कमी.’ दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का, हे समजून घेण्यासाठी माणूस दुसरी भाषा कशी शिकतो हे पाहायला हवे.

कान कोरा नसतो

सुरुवात तान्ह्या बाळापासून करू. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील दोन मानसशास्त्रज्ञांचा १९८४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, आणि आपल्याला तो विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी वापरले होते. इंग्रजीत हा भेद नाही. प्रयोगाची रीत सोपी होती. बाळाला आईच्या मांडीवर बसवून एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवायचा. मध्येच ध्वनी बदलला की बाजूला ठेवलेले खेळणे दिव्याच्या उजेडात हलू लागे. काही वेळाने बाळ ध्वनी बदलताच खेळण्याकडे मान वळवू लागते. म्हणजे दोन ध्वनींतला फरक त्याला कळतो आहे की नाही, हे त्याच्या मानेवरून समजते.

इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत मात्र तो ओळखणारी फारच थोडी उरली. हिंदी बोलणाऱ्या घरांतली त्याच वयाची बाळे हा फरक सहज ओळखत होती. याचा अर्थ असा की, पहिल्या वाढदिवसाच्या आतच मूल आपल्या भोवतालच्या भाषेला उपयोगी असलेले भेद राखते आणि बिनउपयोगी भेदांकडे दुर्लक्ष करायला शिकते. याला उणीव म्हणता येणार नाही. एका भाषेत तरबेज होण्याचाच तो एक भाग आहे.

याचा पडताळा आपल्याला स्वतःवर घेता येतो. इंग्रजीत ‘पश्चिम’ या अर्थाचा शब्द आणि ‘बंडी’ या अर्थाचा शब्द यांचे पहिले ध्वनी निराळे आहेत. मराठी माणूस दोन्हींना ‘वेस्ट’ म्हणतो आणि बहुधा दोन्ही सारखेच ऐकतो, कारण मराठीत त्या दोन ध्वनींना मिळून एकच ‘व’ आहे. आता झाडीबोलीकडे वळू. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत. ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोरा’. असे मूल शुद्धलेखनात ‘पानी’ लिहिते तेव्हा त्याला आळशी म्हणणे म्हणजे ‘वेस्ट’वरून आपल्याला आळशी म्हणण्यासारखेच आहे. त्याने जे ऐकले तेच लिहिले. त्याला आधी तो भेद ऐकायला शिकवावे लागेल. पाणी–पानी, बाण–बान, काळा–कारा असे शब्द मोठ्याने उच्चारून ‘सारखे की वेगळे?’ हा खेळ रोज पाच मिनिटे घेतला, तर कान हळूहळू तयार होतो. मोठेपणीही हे जमते, फक्त सराव जास्त लागतो.

चुकांमागचा हिशेब

ध्वनींबाबत जे खरे, ते व्याकरणाबाबतही खरे आहे. एके काळी अशी समजूत होती की, चूक म्हणजे वाईट सवय, ती दिसताच उपटून टाकावी. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी एका लेखात निराळा विचार मांडला. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो भाषेचे नियम कसे मांडतो आहे याचा पुरावा होय, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी सांगितले की, शिकणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी एक ‘मधली भाषा’ तयार होत असते. ती पूर्णपणे पहिली नसते आणि पूर्णपणे दुसरीही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. शिक्षण पुढे जाते तसतसे हे नियम बदलत जातात.

एक उदाहरण घेऊ. मराठीत ‘मी गेलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, पण ‘मी भाकर खाल्ली’. भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. आपण हे इतक्या सहज बोलतो की, त्यातली चमत्कारिकता आपल्या लक्षात येत नाही. गोंडीत असे होत नाही. तिथे क्रियापद नेहमी कर्त्याशी जुळते. छत्तीसगडीतही तसेच. त्यामुळे अशा घरातले मूल ‘मी भाकर खाल्लो’ म्हणाले तर नवल नाही. त्याच्या घरच्या भाषेचा नियम तसा आहे, आणि ‘गेलो’, ‘आलो’, ‘जेवलो’ या मराठी रूपांचा आधारही त्याला आहे. हिंदी बोलणारे मूल या ठिकाणी सहसा अडखळणार नाही, कारण ‘मैंने रोटी खाई’ हा नियम त्याच्या ओळखीचा आहे. पण तेच मूल ‘माझी पुस्तक’ आणि ‘माझा घर’ म्हणेल, कारण हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, ‘घर’ पुल्लिंगी, आणि नपुंसकलिंग नाहीच.

लिंगाच्या बाबतीत गोंडी मुलापुढचे काम आणखी अवघड आहे. गोंडीत नामांचे दोन वर्ग आहेत : एकात पुरुष, दुसऱ्यात स्त्रिया, प्राणी, वस्तू असे बाकी सारे. मराठीत खुर्ची ‘ती’ का, पलंग ‘तो’ का आणि टेबल ‘ते’ का, असा प्रश्न त्याच्या भाषेने त्याला कधी विचारलेलाच नसतो. आता प्रत्येक निर्जीव वस्तूसाठी तो नव्याने पाठ करावा लागतो.

सगळ्या चुका घरच्या भाषेतून येतात असेही नाही. मराठी घरातले तीन वर्षांचे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते. हे त्याने कोणाकडून ऐकलेले नसते. ‘धर–धरलं’, ‘भर–भरलं’ यांवरून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो. दुसरी भाषा शिकणारे मूलही असेच नियम काढते. एखादी चूक वेगवेगळ्या घरभाषांची मुले सारखीच करत असतील, तर ती नियम काढण्याच्या या प्रयत्नातून आली असे समजावे. एकाच घरभाषेची मुले ती करत असतील, तर तिचे मूळ त्या भाषेत शोधावे.

दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या सवयींनी कधी कधी भाषाच बदलते. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो सामील होतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, संस्कृतातही नव्हता. द्राविडी भाषांत मात्र तो जुना आहे. मराठीत आणि गुजरातीत तो द्राविडी भाषकांच्या सहवासातून आला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कोणे एके काळी ज्यांची घरची भाषा वेगळी होती, त्यांच्या बोलण्याची खूण आपल्या प्रमाण मराठीत आजही आहे.

लहान वयात लवकर येते का?

‘लहान मुले भाषा पटकन उचलतात, त्यांना नुसते वर्गात बसवा’, हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. १९६७ साली एरिक लेनेबर्ग यांनी भाषा शिकण्याचा एक विशिष्ट काळ असतो आणि तो वयात येण्याच्या सुमारास संपतो, अशी कल्पना मांडली. तेव्हापासून यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास करून तो १९७८ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने डच शिकली ती बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती.

मग लहान वयाचा फायदा कशात? तो शेवटी कुठवर पोहोचता येते यात आहे, विशेषतः उच्चारांत आणि व्याकरणाच्या बारकाव्यांत. हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी २०१८ साली सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवरून असा निष्कर्ष काढला की, व्याकरण शिकण्याची क्षमता सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकते. पण जन्मभाषकाइतके प्रभुत्व हवे असेल, तर सुरुवात दहाव्या वर्षापूर्वी झालेली बरी. नेमक्या वयाच्या आकड्यावर वाद चालू आहे. पण लहान मुलाला नुसते वर्गात बसवले की भाषा आपोआप येते, या समजुतीला या संशोधनातून आधार मिळत नाही. सहा वर्षांच्या मुलाला वेळ जास्त लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

या वेळाचा पहिला भाग पुष्कळदा गप्प राहण्यात जातो. नव्या भाषेत आलेले मूल काही आठवडे, कधी काही महिने, फक्त ऐकत असते. ‘तोंडच उघडत नाही’ ही पहिली तक्रार बहुतेक वेळा या काळातली असते. ‘पाटी आण’, ‘दार लाव’ असे सांगितल्यावर ते बरोबर करते का, हे पाहावे. करत असेल तर त्याचे शिकणे चालू आहे.

दोन वर्षे आणि सात वर्षे

आता दुसरी तक्रार. मराठी छान बोलणारा मुलगा पाचवीत मागे का पडतो? कॅनडातील टोरांटोचे जिम कमिन्स यांनी १९७९ साली याबाबत एक महत्त्वाचा भेद दाखवला. मैदानावर, दुकानात, मित्रांत लागणारी भाषा ही एक. पुस्तकात, परीक्षेत, विचार मांडताना लागणारी भाषा ही दुसरी. पहिलीत समोरचा माणूस, हातवारे, चेहरा, वस्तू हे सारे मदतीला असते. दुसरीत फक्त शब्द असतात. परदेशांतून टोरांटोत आलेल्या मुलांच्या नोंदी तपासून कमिन्स यांनी १९८१ साली दाखवले की, बोलण्याची भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, परंतु अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतर मुलांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागतात.

‘पाणी उकळलं की वाफ होते’ हे वाक्य चुलीजवळ बसलेल्या कोणालाही कळेल. ‘उष्णता दिल्यास द्रवाचे बाष्पात रूपांतर होते’ हे तेच सांगणारे वाक्य पुस्तकात येते तेव्हा त्यात चूल नसते, भांडे नसते, आणि ‘उष्णता’, ‘द्रव’, ‘बाष्प’, ‘रूपांतर’ हे चार शब्द त्या मुलाने मैदानावर कधीच ऐकलेले नसतात. पहिलीत मराठी शिकायला लागलेले मूल पाचवीत पोहोचते तेव्हा त्याची बोलण्याची भाषा तयार झालेली असते आणि अभ्यासाची भाषा अर्ध्या वाटेवर असते. नेमक्या त्याच वर्षी विज्ञानाचे आणि भूगोलाचे धडे अवघड होऊ लागतात. त्याच्या सफाईदार बोलण्याने आपली फसगत होते. त्याला भाषा येते असे आपण धरून चालतो आणि न समजण्याचा दोष त्याच्या बुद्धीला देतो.

यावर ‘मग घरची भाषा बंद करा, म्हणजे मराठीला जास्त वेळ मिळेल’ असा उपाय सुचवला जातो. ही समजूत डोक्यात एकच कोठार असून एका भाषेने जागा अडवली की दुसरीला उरत नाही, अशा कल्पनेवर उभी आहे. प्रत्यक्षात दोन भाषा एकाच पाझरावर खोदलेल्या दोन विहिरींसारख्या असतात. ‘उंदी, रंड, मुंड’ अशी गोंडीत बिया मोजून वाटणारे मूल वाटणीचे गणित एकदा समजले की समजते. मराठीत त्याला फक्त शब्द नवे लागतात. हेच गणित न कळणाऱ्या भाषेतून प्रथम शिकवले, तर शब्दही अनोळखी आणि कल्पनाही अनोळखी, असे दुहेरी ओझे पडते.

आपल्या देशातला पुरावाही याच बाजूचा आहे. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध मुलांचा अभ्यास केला. समाज एकच, परिस्थिती सारखी. काही मुले कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा बोलणारी, तर काहींच्या भागात कुई मागे पडून फक्त ओडिया उरलेली. दोन भाषा राखलेली मुले भाषेविषयी विचार करण्याच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरली. ओडिशाने पुढे २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा बहुभाषिक कार्यक्रम हाती घेतला.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात, असे राज्यघटनेच्या कलम ३५०-अ मध्ये १९५६ पासून नमूद आहे; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. गोंडीला लिपी नाही असेही म्हटले जाते, पण बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ सालीच तिच्यासाठी लिपी तयार केली होती. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेच्या सुमारास अनेक राज्यांतले गोंड जमतात, तेव्हा या भाषेचा पसारा केवढा आहे ते दिसते. मात्र आज प्रत्येक गोंड घरात गोंडी बोलली जाते असे नाही. अनेक घरांतल्या नातवंडांना ती समजते, पण बोलता येत नाही. शाळेत आपल्या भाषेची लाज वाटू लागली की घरातही ती लवकर मागे पडते.

वर्गात काय करता येईल?

एका वर्गात तीन-चार घरभाषा, शिक्षक एक, आणि त्याला गोंडी येत नाही, ही अडचण खरी आहे. तरीही पुढील गोष्टी कोणत्याही शाळेत करता येतात.

१) प्रत्येक मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात याची नोंद जूनमध्येच करावी. जातीवरून भाषा ठरवू नये, विचारावे.

२) घरच्या भाषेत बोलण्यास मनाई करू नये. नवी कल्पना शिकवताना, ती भाषा जाणणाऱ्या वरच्या वर्गातील मुलाची मदत घ्यावी. आधी घरच्या भाषेत चर्चा, मग मराठीत मांडणी, असा क्रम ठेवावा.

३) शिक्षकाने निदान वीस-पंचवीस शब्द मुलांकडूनच शिकावेत. येर म्हणजे पाणी, नार म्हणजे गाव. गावागणिक उच्चार थोडे बदलतात. तेही मुलांनाच विचारावे. हे शब्द देवनागरीत लिहून मराठी शब्दांशेजारी भिंतीवर लावावेत. शिक्षक स्वतः अडखळतो हे मुलांना दिसले, की त्यांची भीड चेपते.

४) चूक झाल्यावर बोलणे थांबवू नये. मूल ‘मी भाकर खाल्लो’ म्हणाले तर ‘हो का, तू भाकर खाल्लीस? कशासोबत खाल्लीस?’ असे विचारावे. बरोबर रूप त्याच्या कानावर पडते आणि संभाषणही चालू राहते.

५) महिनाभर एका वहीत मुलांच्या चुका जशाच्या तशा टिपाव्यात. समोर मुलाची घरभाषा लिहावी. महिन्याच्या शेवटी त्यांचे तीन गट करावेत : एकाच घरभाषेच्या मुलांनी केलेल्या, सर्वांनी केलेल्या, आणि एकदाच घडलेल्या. पहिल्या दोन गटांवर धडे आखावेत. तिसरा सोडून द्यावा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा एक उत्तम प्रकल्प होऊ शकेल.

६) चौथी-पाचवीनंतर प्रत्येक विषयाच्या तासाला त्या धड्यातले पाच-सहा अभ्यासाचे शब्द वेगळे शिकवावेत. विज्ञानाचा शिक्षक हा भाषेचाही शिक्षक असतो.

प्रगतिपुस्तकात ‘भाषा कच्ची’ हा शेरा लिहिण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : कोणती भाषा, आणि ती शिकायला लागून किती वर्षे झाली? तीन वर्षांपूर्वी मराठी प्रथम कानावर पडलेले मूल चौथीत अडखळत असेल, तर ते अपेक्षित वेगानेच चालले आहे. त्याला आणखी तीन-चार वर्षे साथ मिळाली, तर सातवी-आठवीत ते दोन भाषांचे धनी होईल. ती न मिळाल्यास बुद्धी कमी म्हणून ते शाळा सोडून जाण्याचा धोका आहे, आणि दोन्ही भाषांतले त्याचे शिकणे अर्धवट राहील.